तीन महिन्यांचा कागद

सार्डिनचं डोकं उडवायला सव्वा सेकंद लागतो.
साबेला म्हणते, एक.
फुशारकी मारते, पण हात खरंच तिचाच जलद
विगोच्या या डबाबंद मासळीच्या कारखान्यात,
जिथं मीठ आधी नखांत शिरतं
आणि मग बोलण्यात.

कागद तीन महिन्यांचा. मग आणखी तीन.
पोर नऊ महिन्यांचं.
हा हिशोब आम्हाला कुणी शिकवला नाही,
रबरी बूट काढताना
तो आपोआप बोटांवर येतो.

तिची आई ओहोटीला शिंपले वेचायची,
कमरेइतक्या चिखलात,
पाठीला एक, पोटात एक.
"मी कुठं कामाला होते," म्हणते अजून,
"घरीच तर होते."
पाच मुलं. एक समुद्राकडे गेलं.

साबेलाचा एकुलता ब्रैस
शाळेत घराचं चित्र काढतो, त्यात एक जास्तीचा मुलगा,
निळ्या बुटांचा.
बाईंनी विचारलं, हा कोण?
"आईचा कागद पक्का झाला की येणाराय."

गेल्या मंगळवारी झाला पक्का.
फोरमन एलाडिओनं पेन पुढं केलं,
मी टाळ्या वाजवल्या हातमोज्यांसकट,
ओल्या, फटाफट.
तिनं सही केली.
जन्मतारखेच्या रकान्यापाशी थांबली.
एक्केचाळीस.

संध्याकाळी तिच्या घरी गेले.
आंतोन बोटीवर, यायला अजून अठरा दिवस.
पाळणा माळ्यावरून खाली आला होता,
कड्या थोड्या गंजलेल्या,
आत तूर्त बटाटे.

"मग? ठरवलंस?"

"इतकी वर्षं कारखाना ठरवायचा," ती म्हणाली,
"तो नाही म्हणायचा, आणि मी त्याला शिव्या घालायचे.
सोपं होतं गं.
आता मलाच विचारतायत.
मला सवय नाही."

मी काही बोलले नाही.
माझा कागद तीस तारखेला संपतो,
आणि मला विचारणारं अजून कुणी नाही.
हाताला चाळा म्हणून एक बटाटा उचलला.
कोंब फुटला होता, पांढरा, करंगळीएवढा.

तिनं तो माझ्याकडून घेतला, सुरी शोधली.
आणि मग
कितीतरी वेळ लागला तिला.