स्टँडच्या पायाला ज्वारी

दिवा मी हप्त्यावर घेतला.
नऊ हप्ते, शिवाय पुण्याहून कुरिअरचे तीनशे ऐंशी.
सॉफ्टबॉक्स वापरलेला, आठ काड्यांतली एक वाकडी,
उघडला की एका कोपऱ्यात
किंचित रुसलेला दिसतो.

सोमवार ते शनिवार मी सिव्हिलच्या तळमजल्यावर
माणसांच्या आरपार बघते.
छाती प्लेटला टेकवा, खांदे पुढे,
श्वास घ्या, रोखा, हलू नका,
सोडा.
तिथल्या किरणांना चेहरा लागत नाही.
नाव, वय, पाकिटावर नंबर, पुढचा.

म्हणून रविवार.
अशोक चौकामागे दुसरा मजला, पुढची खोली,
पलंग उभा करून भिंतीला लावला की
नऊ बाय दहाचा स्टुडिओ.
वजनाच्या पिशव्या महाग, म्हणून स्टँडच्या पायाला
पाच किलो ज्वारी बांधलेली.
रिफ्लेक्टर म्हणजे शेजाऱ्यांच्या फ्रिजसोबत आलेला थर्मोकोल.
मागे पडदा म्हणून चादर, उलट्या बाजूनं,
सुलट्या बाजूचे मोर
माणसापेक्षा जास्त बोलतात.
पंखा बंद. पंखा लावला तर उजेड डोलतो.
एप्रिलात, त्रेचाळीस अंशांत,
सोलापुरात पंखा बंद करून बसायला
कोण येणार?

मल्लेशम म्याकल आले.
इस्त्रीचा पांढरा शर्ट, कॉलरखाली रुमाल.
त्यांना मी आधी आतून ओळखायचे:
दोन्ही फुप्फुसांत बारीक धूसर काहीतरी,
चाळीस वर्षांचं यंत्रमागाचं हवामान.
बाहेरून नीट बघत होते पहिल्यांदाच.

बसायच्या आधीच म्हणाले,
"उजवीकडून घ्या. डावा नकली आहे."
मागावरून धोटा उडाला होता,
सत्त्याऐंशी साली, सरळ डोळ्यात.
तेव्हापासूनचे सगळे फोटो उजवीकडून,
मुलीच्या लग्नातलेसुद्धा.
आधारवाल्यांचं मशीन तेवढं दोनदा अडलं.

दिवा पंचेचाळीस अंशांवर, डोक्याच्या थोडा वर,
नाकाची सावली ओठापर्यंत येऊ द्यायची नाही,
पाठ केलेलं सगळं केलं.
पहिले अकरा फोटो: पासपोर्टचा माणूस.
बारावा: पासपोर्टचा घामेजलेला माणूस.
आणि तेराव्याला मी सवयीनं बोलून गेले,
"श्वास रोखा, हलू नका."

त्यांनी रोखला.
छाती फुगवून, नजर भिंतीवर,
संध्याकाळी रिपोर्ट मिळणार असल्यासारखा.
मग खोकला. बराच वेळ.
मी पाणी दिलं, पंखा लावला,
उजेड डोलायला लागला, मागची चादरही.

पेला परत देता देता ते मागे वळले,
चादरीवर बोट ठेवलं.
"इथं दोरा सुटलाय, अम्मा. बाण्याचा.
कुणाच्या मागावरची ही? झोपला होता काय?"
आणि माझ्याकडे बघून हसले,
अर्धे वळलेले,
डाव्या बाजूनं.

फ्लॅश उडाला. बोट माझंच होतं,
पण मी ठरवलं असं काही म्हणता येणार नाही.

रात्री स्क्रीनवर मोठं करून पाहिलं.
दोन्ही डोळ्यांत माझा सॉफ्टबॉक्स.
उजव्यात तो ओलसर, कडा विरघळलेल्या,
पापणीखाली थोडा बुडालेला.
डाव्यात लख्ख. आठच्या आठ कोपरे मोजता येतील असा,
रुसलेला धरून.

माउस त्या ठिपक्यावर नेऊन ठेवला.
पुसायला दोन सेकंद लागतात.
फोन केला, विचारलं, डाव्या डोळ्यातला उजेड
काढू का.
मागे कुठंतरी टीव्ही चालू होता, तो कुणीतरी बारीक केला.
"राहू दे," ते म्हणाले,
"तो पण हप्त्यावरच घेतलेला."

सोमवारी ज्वारी दळायला दिली.
स्टँडच्या पायाला आता काय बांधायचं
ते रविवारी बघू.