सुस्कारा

त्या सिनेमाचं नाव विचारू नका.
रिळं गुजरीत गेली, धुऊन चांदी काढायला,
असं ऐकून आहे. चांदीला नाव नसतं.

बॅरिस्टर होता त्यात, पियानो होता,
मलबार हिलवरचा दिवाणखाना होता,
जो आमच्या गल्लीमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये
सातापा सुतारानं फळ्या आणि खळीवर उभा केलेला.
संगमरवर म्हणजे चुना.
शॅम्पेन म्हणजे गुळाचं पाणी, वर सोडा,
आणि त्या गुळापायी टेबलाच्या पायावरून
मुंगळ्यांची रांग,
तीही सूट घालून आल्यासारखी काळी.

बोलपट नवा होता.
पडदा बोलणार म्हणून गाव गप्प करायचं होतं.
म्हणून शूटिंग रात्री,
गंगावेशीकडचे टांगे सुटल्यावर,
तालमीतल्या पोरांच्या बैठका संपल्यावर.
माईक फुलदाणीत लपवलेला,
त्यामुळे सगळी बडी माणसं
प्रेम, अपमान, दिवाळं, जे काय असेल ते
कागदी गुलाबांना वाकून सांगायची.

अंबूताई हुपरीकर लेडी झाली होती.
आदल्या साली फडात नाचत होती.
जिरगे मास्तर म्हणाले, पैंजण काढा बाई, माईकला ऐकू जातं.
तिनं काढले, पदराला बांधले,
तर पदर वाजायला लागला.
मग माझ्या हातात दिले. "सांभाळ रं. हलू नगंस."
उंच टाचांना खालून कापूस चिकटवला,
आणि ती चालली, आयुष्यात पहिल्यांदा
आवाज न करता.
"आपण चहा घेणार ना?" एवढं एक वाक्य.
च्याचा चहा करण्यात
मास्तरांच्या तीन रात्री गेल्या.

मी नऊ वर्षांचा. रात्रीला दोन आणे.
काम एकच. भिंतीपलीकडं
दौलू चौगुल्याची म्हैस बांधलेली,
तिला ओरडू द्यायचं नाही.
रेडकू मेलं होतं तिचं, त्याच आठवड्यात.

शेवटच्या रात्री लेडीचं सगळं जातं:
बंगला, मोटार, बॅरिस्टर.
ती हसते, पाहुण्यांना एक विनोद सांगते,
आणि मग नुसती उभी राहते.
आतनं आरोळी आली, सायलेन्स.
म्हशीनं मान वर केली.
मी पैंजण वैरणीत खुपसले,
दोन्ही हातांनी तिचं तोंड धरलं,
कपाळ तिच्या कपाळाला लावलं.
ती ओरडली नाही.
पोटात जमलेलं सगळं
माझ्या बोटांमधनं हळू सोडलं तिनं,
लांब, ओलं, कोमट.

पुढं सिनेमा लागला.
वर खुर्च्यांत सरदार, इनामदार, खाली जमिनीवर आम्ही.
खालचे हसले, कुणावर चाललंय ते कळलं म्हणून.
वरचेही हसले.
आणि त्या जागी, लेडीचे ओठ मिटलेले,
पडद्यामागनं एक सुस्कारा आला.
वर रुमाल निघाले.
पुण्याच्या एका पेपरानं लिहिलं,
कुलीन स्त्रीचं दुःख हे असं, दाबलेलंच असतं;
ते अंगात असावं लागतं, शिकवून येत नाही.

अंबूताईनं मला बाहेर गाठलं.
"मी तर श्वास धरला हुता," म्हणाली. "कोण ते?"
मी सांगितलं.
वाटलं, हसेल. नाही हसली.
माझे हात उलटेपालटे करून बघितले तिनं,
जसे काही तिथं अजून लागलेलं असावं.

दुसऱ्या दिवशी उन्हं वर यायच्या आत
दौलूच्या दारात टांगा थांबला.
शेंगपेंडीचं पोतं उतरलं, मागनं ती उतरली,
पायांत पैंजण, चांगले वाजणारे.
दौलू म्हणाला, गेली की बाई.
आटली हुती. गेल्या बाजारात इकली.

ती पोत्यावरच बसली.
गोठ्यातला रिकामा खुंटा बघत राहिली थोडा वेळ.
मग टाचेनं जमीन उकरत म्हणाली,
"च्या हाय का, च्या?"