इरण्णाचं वळण

वजनकाट्यापासून कॅनॉल, तिथून मिलच्या चिमणीला वळसा
आणि परत काट्यावर. सव्वातीन मैल.
पाळी नसायची त्या बुधवारी
सीटा काढलेल्या फियाटी, दारं तारेनं आवळलेली,
आणि एक अँबॅसिडर, टपावर चुन्यानं सात.

वेळ लिहायचा लक्ष्मय्या गाजूल, सूतखात्याचा टाइमकीपर,
मस्टरच्या पाठकोऱ्या कागदावर,
तेलुगू आकड्यांत.
हरलेल्यांना भांडताही यायचं नाही.

वळणावर कडब्याच्या पेंढ्या रचलेल्या.
इरण्णा हत्तुरे पेंढ्यांसकट कॅनॉलात गेला,
वर आला तेव्हा हातात नुसतं स्टिअरिंग.
तेव्हापासून ते त्याचं वळण.

मग भोंगा थांबला.
मौला मिस्त्रीनं सात नंबर कापून किलोवर विकली.
चौपदरीकरणात कॅनॉल पाइपात गेला,
रस्ता सुतासारखा सरळ.

परवा बसमध्ये म्हातारा म्हणाला,
"एक इरण्णा वळण."
कंडक्टर नवा, लातूरकडचा:
"स्टॉप हाय की आजोबा, पण वळण कुठंय?"
म्हाताऱ्यानं सुट्टे मोजून दिले,
तिकीट घड्याळाच्या पट्ट्यात खोचलं,
आणि ती जागा येताच
पुढच्या सीटची दांडी दोन्ही हातांनी धरून
डावीकडं कलला.