बशीतला चमचा

फोल्कर्ट म्हणजे नाकासमोर चालणारा माणूस.
एकतीस वर्षं लेअरच्या बंदरावर, चहाच्या वखारीत,
रोज दोनशे वाट्यांतले घोट
फुर्रकन ओढायचा, जिभेवर घोळवायचा, थुंकायचा
आणि सांगायचा: ही पानं जूनमधली,
ही गोण बोटीत भिजलेली,
आणि हिच्याशेजारी कुणी गाढवानं
साबणाची पेटी ठेवली होती.

स्वादाच्या चहाला मात्र नाक मुरडायचा.
"अत्तर कशाला लावायचं?
चहा काय लग्नाला निघालाय?"

मग नोव्हेंबरात ताप आला.
गेला, तो जाताना वास घेऊन गेला.
वखारीत त्यानं सांगितलं, गुडघे दुखतात.
मला काहीच सांगितलं नाही.
मला कळलं ते दूध करपलं तेव्हा:
शेगडीपासून दोन हातांवर बसून
हा शांतपणे भरती-ओहोटीचं वेळापत्रक वाचत होता.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नाकाला परत शाळेत घाला.
रोज, ठसठशीत वास, एकेक करून.
म्हणून मी, गेशे, एकसष्टाव्या वर्षी
चर्चमागच्या त्या दुकानात शिरले
जिथं आमच्यातलं कुणी दिसलं तर
रविवारभर चर्चा पुरते.
सहा डबे आणले.
बर्गमोटचा, त्यात निळ्या पाकळ्या.
चीडाच्या धुरावर वाळवलेला; तो उघडला
तेव्हा मांजर घर सोडून गेलं, संध्याकाळी आलं.
व्हॅनिला, पुदिना, चमेली,
आणि रुबार्बचे गुलाबी तुकडे, वर सायीचा वास,
जणू कुणाच्या तरी आजोळचा केक
चुकून आमच्या डब्यात पडला.

हळूहळू शिकले.
चमेलीवर कढत पाणी ओतलं की ती रुसते, कडू होते;
किटली उतरवून, झाकण काढून
शंभरपर्यंत मोजायचं.
धुरकट चहाला दयामाया नको.
रुबार्ब चार मिनिटं तळाशी गप्प बसतो
आणि पाचव्याला एकदम आंबट बोलतो.
फोल्कर्ट डोळे मिटून हुंगायचा
आणि बरोबर सांगायचा.
दर वेळी.

दर वेळी, म्हणूनच मला शंका आली.
गाळणी मी ओट्यावरच ठेवत होते.
तिला निळी पाकळी चिकटलेली,
कधी पुदिन्याचं पान, कधी गुलाबी तुकडा.
डोळे मिटण्याआधी तो
एकदाच, चोरून, तिकडे बघायचा.

त्या रविवारी मी गाळणी धुतली.
एक निळी पाकळी तेवढी परत चिकटवली.
कपात नुसतं गरम पाणी.
त्यानं हुंगलं. बराच वेळ हुंगलं.
"बर्गमोट," म्हणाला. "आज जरा हलका झालाय."

मी माझा कप उचलला, त्यातही पाणीच.
"हो," म्हटलं, "मिनिटभर आधीच गाळला."

बाहेर बांधावर मेंढ्या
वाऱ्याकडे पाठ करून उभ्या होत्या.
त्यानं डोळे उघडले.
कपाच्या तळाचा रंगवलेला गुलाब
पाण्यातून लख्ख दिसत होता,
एकेक पाकळी मोजावी असा.
तो बघत राहिला.
मीही.
खोटं आता दोघांचं होतं,
निम्मं निम्मं.

"गेशे," तो म्हणाला, "आपला चहा कर. साधा."

मी काळा, दाट चहा मुरवला.
कपात खडीसाखरेचा मोठा खडा ठेवला
आणि वरून धार सोडली.
खडा तडकला. बारीक, बर्फासारखा.
फोल्कर्टनं वाकून कपाला कान लावला,
वखारीत नाक लावायचा तसाच.
"उशिरा तडकला," म्हणाला.
"पाणी जरा निवलं होतं तुझं."

निवलंच होतं.
बोलण्यात वेळ गेला होता.

कडेनं साय सोडली, ढवळली नाही;
ढग आपला आपण वर येऊ दिला.
एक कप झाला. दुसरा. तिसरा.
आमच्याकडे पुरे झालं की चमचा कपात ठेवतात,
तोंडानं नको म्हणत नाहीत.

किटली परत चढवली आहे.
त्याचा चमचा अजून बशीतच आहे.