तराजूवरून, अदोयोला

फॉर्म असाच पुढे करू नकोस, अदोयो.
माझ्या हातांना ओमेनाचा वास आहे
आणि कागद तो वास सोडत नाही.
थांब, हात धुऊन येते.
हं. दाखव आता.

चार रकाने, चार कॉलेजं.
पहिल्यात तू जे लिहिलंयस
त्याच्या माहितीपुस्तकाचं मुखपृष्ठ मला पाठ आहे:
हिरवळ, कारंजं, हसणाऱ्या तीन मुली.
नऊ वर्षांपूर्वी मी त्या कारंज्यासाठीच गेले.
कारंज्यात पाणी नव्हतं.
वसतिगृहातही नव्हतं, पण ते सोड,
पाणी काय, आपण डोक्यावरून आणणारी माणसं.

मत्स्यशास्त्राचे सर गुरुवारी यायचे,
म्हणजे तसं फळ्यावर लिहिलेलं असायचं.
प्रयोगशाळेला कुलूप, किल्ली प्राचार्यांच्या मेहुण्याकडे.
आणि मी कुणाला काही विचारलं नाही,
जाण्याआधी नाही, गेल्यावर तर नाहीच.
वाटायचं, विचारलं की कळेल सगळ्यांना
ही काठावरची पोर चुकून आत आलीय.

तिसऱ्या सत्राच्या फीसाठी बाबांनी होडीचं इंजिन विकलं.
चौथ्यासाठी विकायला काही नव्हतं.
मी परतले तेव्हा बायकांनी एक शब्द काढला नाही,
नुसता तराजू सरकवला माझ्याकडे.

तर आता तराजूवरून सांगते.
ओली ओमेना जड भरते.
नवखा व्यापारी सकाळीच पैसे मोजून मोकळा होतो,
मुरलेला एक दिवस उन्हात जाऊ देतो
आणि मग म्हणतो, घाल पारड्यात.
कॉलेजचं नाव तसं वाळव.
मुखपृष्ठ उडून जाऊ दे, कारंजं उडून जाऊ दे,
कुणाच्या तरी मामाने केलेलं कौतुकही.
खाली काय उरतं?
गेल्या खेपेला किती पोरी आत गेल्या,
किती शेवटपर्यंत टिकल्या,
आणि किल्ली कुणाकडे असते.

तुझा जन्म तण काढायच्या दिवसांतला, नावच तसं.
आई ज्वारीत वाकलेली होती.
दोन पानांवर असताना तण आणि ज्वारी
सारखीच हिरवी, सारखीच गुणी दिसतात.
आई पानांकडे बघायचीच नाही,
बोट खाली देठाशी न्यायची, मातीत.

इकडे ये, जवळ. ही भावाची चिठ्ठी उलटी कर.
हे माझं अक्षर आहे, हसू नकोस.
परवा ओकुकूच्या फोनवरून
तुझ्या तिसऱ्या रकान्यातल्या कॉलेजला फोन लावला.
नाव साधं, गाव उन्हाळ, चित्रात फक्त एक बाभूळ.
फोन म्वेन्डे नावाच्या मुलीने उचलला,
दुसऱ्या वर्षाची, कचेरीत दुपारचं काम करते.
म्हणाली, प्रयोगशाळेची किल्ली दाराजवळच्या खिळ्याला असते,
रात्री आठपर्यंत कुणीही घ्यावी, वहीत सही करावी.
कर्जाचे पैसे उशिरा येतात, पहिले दोन महिने
जेवणाचं स्वतःच बघावं लागतं.
हे तिने न विचारता सांगितलं,
तेव्हा मला ते कॉलेज आवडलं.

पेटी घेऊ, दोन कुलपांची.
ओमेना भाजून, तिखट लावून डबा भरू, दोन महिने पुरेल असा.
पण त्याआधी दुसरी तयारी:
आजपासून रोज एक प्रश्न विचारायचा.
आधी मला,
मग ज्यांना बघून तू रस्ता बदलतेस त्या ओकुमू सरांना.
आवाज थरथरला तर थरथरू दे,
वाक्य मात्र पुरं करायचं.

रकाने तू भर. पेन तुझं, मी फक्त वजन सांगितलं.

काय म्हणालीस? चिठ्ठीवरचा शेवटचा प्रश्न?
तो तुझ्यासाठी नव्हता.
विचारलं सहज,
संध्याकाळच्या वर्गाला वयाची अट असते का.
नसते, म्हणाली.
मग लोल्वेवर होड्या दिसायला लागल्या
आणि मी फोन ठेवला.