पाण्याची तारीख

विडी घरकुलात चार दिवसांआड पाणी येतं,
त्या पहाटे निम्मा संघ नळावर असतो.
पहिल्या वर्षी मी ओरडून ओरडून
घसा बसवून घेतला.
आता वहीत आधी पाण्याच्या तारखा लिहितो,
मग सरावाच्या.

अंबिका येमूल मधल्या चौकोनात बसते,
तोंड मिलच्या बंद चिमणीकडे,
पळणारी तिच्या पाठीमागं.
तिला म्हणालो, वळून बघू नकोस,
पावलं ऐक.
खो मागूनच येतो,
त्या हाताला कधी तंबाखूचा वास असतो,
कधी धुण्याच्या सोड्याचा,
पाठीला तो बरोबर कळतो.
हे सांगता सांगता माझीच जीभ अडली.
मी तर आयुष्यभर वळून बघत आलोय:
निवड चाचणी, गुडघा, एकोणीसशे शहाण्णव.

खो मिळायच्या आधी उठलं की फाऊल.
शाहीन बागवान दर सामन्यात उठते.
रागावणं सोडलं मी.
घरी सगळ्यांच्या आधी तीच उठते,
अंगात भिनलेलं एका शिट्टीनं कसं जाईल?

अंतिम सामना अकलूजला.
एका गुणानं गेलो.
परतीच्या एसटीत कुणी रडलं नाही.
कडक भाकरी आणि शेंगाचटणी
हातोहात फिरली,
डबा माझ्यापर्यंत आला तेव्हा
तळाला नुसतं तिखट.

मोहोळच्या पुढं सगळ्या झोपल्या.
खिडक्यांवर टेकलेली डोकी मी मोजली. बारा.
काय चुकलं ते लिहायला वही उघडली,
तेवढ्यात अंबिका डोळे न उघडताच म्हणाली,
"सर, उद्या पाणी आहे."