मोड

सारूळच्या खाणीत यल्लू धोत्रेनं दगड फोडला
आणि धूळ बसायच्या आत हाक मारली,
"म्याडम, तांबं लागलं."
काळ्या पाषाणाच्या पोटात मुठीएवढी पोकळी,
तिला आतून हिरवा लेप.
तांब्या आठ दिवस घासला नाही की काठाखाली चढतो
तसाच, अगदी तसाच.

मला ठाऊक होतं, ते तांबं नाही.
इथे लाव्हा आला, थांबला, पुन्हा आला,
मधल्या विसाव्यात राख भाजून लाल झाली;
त्या पट्ट्याला आम्ही अहवालात लिहितो, तांबडा थर.
शब्दात तांबं आहे. थरात नाही.
वायू निघून गेला, बुडबुडे दगडातच राहिले.
त्यांत पाणी झिरपलं, आणि ज्याला कसलीच घाई नाही
अशा माणसासारखं एकेक ठेवत गेलं:
आधी हे हिरवं, लोखंडाचं,
मग पांढरे स्फटिक, पेंढीसारखे मध्ये आवळलेले.

यल्लूनं सगळं ऐकून घेतलं.
"व्हय. पर म्हातारी मानसं ह्या डोंगराला
तांब्याची खानच म्हनत्यात."
वर एक बीळ आहे, अर्धं बुजलेलं.
मी आत वाकून पाहिलंय. पाण्याचं टाकं.
छिन्नीच्या खुणा आहेत, कुणाची तरी जुनी तहान आहे.
धातू नाही.

तरीही दगड रुमालात बांधून तांबट आळीत नेला.
गोदूआत्याचा उजवा कान काकांच्या ठोक्यांत गेला,
चाळीस वर्षांच्या.
तिनं डाव्या कानाशी दगड धरला, नखानं टिचकी मारली.
"बद्द."
मग चिंचेचा कोळ, चिमूटभर मीठ,
अंगठ्यानं चोळत राहिली, चहा निवेपर्यंत.
हिरवं हललं नाही.
"तांब्याचं हिरवं चिंचेला भितं," ती म्हणाली,
"हे कुणालाच भीत नाही. दगडच हा."
प्रयोगशाळेला तीन आठवडे लागले.
उत्तर तेच.

"मग आपलं तांबं कुठून येतं गं?"
तांबटाच्या पोरीनं, भूशास्त्र शिकवणाऱ्या बाईनं
हे पन्नाशीत पहिल्यांदा विचारलं.
आत्यानं मागच्या खोलीकडे नुसती हनुवटी केली.

मोडीचा ढीग.
वर द्राक्षबागांतल्या पंपांची जळकी वायर,
खाली बंबांचे पत्रे, आतून क्षारांनी पांढरे,
त्याखाली घंगाळ, कान तुटलेलं पातेलं, पोचा आलेली कळशी,
आणि ज्याच्या त्याच्यावर टिंबाटिंबांनी कोरलेली नावं:
चि. सौ. कां. मनकर्णा हिस आहेर.
कै. आबाजींच्या स्मरणार्थ.
एकाचं नाव झिजून गेलेलं, उरलं फक्त
'मामांकडून'.

मी जमिनीवर बसले, जशी कड्यासमोर बसते.
वही काढली. थर एक, जाडी वीतभर. थर दोन.
मनकर्णाच्या थराशी पेन्सिल थोडा वेळ थांबली.
"लिही पटापटा," आत्या म्हणाली,
"गुरुवारी भट्टीला जायचंय सगळं."

दगड तिनं परत दिला नाही.
वायरची भेंडोळी उसळत होती,
त्यांच्यावर दाबून ठेवला.
मी वहीतली पहिली ओळ खोडली
आणि वरच्या समासात नव्यानं लिहिलं:
बेसाल्ट, हिरव्या पोकळीसह. जाडी चार बोटं.